सोलरच्या रिटर्न लाइनला पंप बसवताय? माझे 34,800 रुपये गेले, तुमचे वाचवा

सोलर वॉटर हीटर गच्चीवर, आईची बाथरूम तळमजल्यावर. गरम पाणी खाली येईपर्यंत रोज बादलीभर गार पाणी वाया. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या पुणेकराला हे बघवत नाही. म्हणून रिटर्न लाइन, म्हणजे नळापासून पाणी परत टाकीत नेणारा पाइप टाकून, त्यातलं गरम पाणी फिरतं ठेवणारा सर्क्युलेशन पंप बसवायचा ठरवला आणि एका ‘सोलरवाल्या’ने पाणी वर चढवायचा साधा मोनोब्लॉक पंप ‘जर्मन’ म्हणून गळ्यात मारला. 20,000 आगाऊ यूपीआयने, 14,800 बसवल्यावर रोख. “बिल हवं तर 18 टक्के जादा,” हे तुम्हीही ऐकलं असेल. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

“तीन मजले आहेत ताई, अर्धा एचपी लागणारच.” तिथेच त्याला घराबाहेर काढायला हवं होतं! लाइन भरलेली असेल आणि पाणी टाकीतून निघून टाकीतच, पाण्याच्या पातळीखाली परत जात असेल, तर पंपाला तीन मजले चढवायचे नसतातच. उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलून धरतं. पंपाने फक्त पाइपातलं घर्षण भागवायचं. घरगुती लाइनीला बहुधा 40 ते 90 वॅट पुरतात. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट. पण खालच्या टाकीचा पंप घेताना आपण सगळे ‘मजले किती’ हेच सांगत आलोय. मग मला त्याचं पटलं तर त्यात नवल काय?

पंप सुरू केला तर मागे पंखा घरघरायला लागला. घरगुती सर्क्युलेशन पंपाला सहसा पंखा नसतो, रोटर पाण्यातच फिरतो आणि पाण्यानेच थंड होतो. मी विचारलंही. “जर्मन मॉडेलला असतो.” महिन्याभरात आईच्या बादलीत तांबूस पाणी. बॉडी बिडाची! आंघोळीच्या पाण्याला ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टीलचीच बॉडी मागा. नेमप्लेटवरच्या स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली दुसरंच नाव आणि पाण्याचं कमाल तापमान 40 अंश. सोलरचं पाणी 60 अंशांपर्यंत सहज जातं.

त्याचा फोन बंद, कार्डावरच्या पत्त्यावर कुलूप. चौकीत म्हणाले, “हा दिवाणी मामला आहे.” दुसऱ्या चौकीत, “हद्द आमची नाही.” बँकेत, “पिन तुम्हीच टाकलात ना?” एका कार्यालयात अर्ज तासभर हातात धरून शेवटी सांगितलं, समोरच्याचा खरा पत्ता आणा. पत्ता माझ्याकडे असता तर मी तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते? चोर शोधायचाही फसलेल्यानेच, मग तुम्ही खुर्च्या कशासाठी अडवल्यात?

नेमप्लेटचा फोटो पैसे देण्याआधी काढा. स्टिकर दिसला तर तिथेच खरवडा. वॅट, हेड (पंप पाणी किती उंच ढकलतो ते) आणि तापमान विकणाऱ्याकडून लिहून घ्या; लिहून देत नसेल तर दार दाखवा. यूपीआयची पावती, चॅट काही पुसू नका. ग्राहक आयोगात आता राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षं. माझी तक्रार तयार आहे, पंपही स्टिकरसकट काढून ठेवलाय.