लोखंड आणि गंधक: मिश्रण की संयुग?

७ ग्रॅम लोहकीस, ४ ग्रॅम गंधकाची पूड. साहित्य तेच, पण खलात नुसतं कालवलं तर मिश्रण, परीक्षानळीत तापवलं तर संयुग.

मिश्रणात भिंगातून पिवळे कण वेगळे दिसतात, करडे वेगळे. लोहचुंबक फिरवला की कीस चिकटून येतो, गंधक मागे राहतो. प्रमाणाचंही बंधन नाही. गंधक दुप्पट घाला, ते मिश्रणच.

संयुगाची तऱ्हाच निराळी. नळीचं बूड लाल झालं की बर्नर बाजूला घ्या; तरी लाली आपोआप वर सरकत जाते, कारण अभिक्रियेतूनच उष्णता बाहेर पडते. (हे चित्रात पाहून भागत नाही, प्रत्यक्षच बघावं.) उरतं ते करडं-काळं आयर्न सल्फाइड. त्यात लोहाच्या दर अणूमागे गंधकाचा एक अणू, म्हणून वजनाचं प्रमाण ७:४ ठरलेलं. जास्त घातलेलं तसंच शिल्लक राहतं. आणि लोहचुंबकाला हा पदार्थ दाद देत नाही.

तरीही शंका असेल तर दोन्हींवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. मिश्रणातून हायड्रोजन निघतो, त्याला वास नाही. संयुगातून हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो विषारी असतो, तेव्हा हे शिक्षकांसमोर आणि खिडक्या उघड्या ठेवूनच करायचं.