कुपवाड की चाकण? सीटीसीच्या आकड्यावर जाऊ नका

परवा भाचा दोन ऑफर घेऊन आला. एक सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली, महिना 19,500 ग्रॉस (म्हणजे कपातीआधीचा पगार), दुसरी पुण्याजवळच्या चाकणची, सीटीसी वर्षाला 3 लाख 60 हजार. म्हणला मामा, ह्यात इचार करण्यासारखं काय हाय? मी दोन्हीकडं घासलीय, कुपवाडला सहा वर्षं आन चाकणला तीन, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे सीटीसी म्हणजे पगार नव्हे, कंपनीला तुमच्यावर होणारा सगळा खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतोय, ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के धरलेली असती (आणि कायम नोकरीत ती मिळणार पाच वर्षं टिकलास तर), कधीकधी दिवाळीचा बोनसच बारा तुकडे करून आत घातलेला असतोय, मग दिवाळीला हातात फक्त सोनपापडीचा डबा. म्हणजे महिन्याच्या 30 हजाराचे हातात पंचवीसेक. त्यातनं कॉट बेसिसवर रूम, मेस, महिन्यातनं एकदा सांगलीला येणं-जाणं, राहिले किती? कुपवाडला साडेसतरा हातात येतील पण जेवण आईच्या हातचं आणि खर्च फक्त पेट्रोलचा.

दवाखान्याचं मात्र नीट बघा, इथंच लोक फसतात. ग्रॉस 21,000 च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा लागतो, तुमचे 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 भरतो, आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईबाप पण त्यात येतात. चाकणला पगार त्या मर्यादेच्या वर, म्हणून कंपनीनं काढलेला ग्रुप मेडिक्लेम. माझ्या वेळी त्यात बायको-पोरं होती, आईबाप घालायचे तर प्रीमियम आपल्या पगारातनं. बहिणीच्या नवऱ्याला शुगर आहे, त्यामुळं आमच्यासाठी ही बाब लई मोठी.

आता वातावरण. कुपवाडच्या मालकाला माझ्या वडिलांचं नाव माहीत होतं, वडील मिरजेत ॲडमिट झाले तेव्हा ड्रॉवर उघडून 20 हजार उचल दिली, कागद नाही काय नाही. पण तोच माणूस रविवारी सकाळी फोन करायचा, "जरा येऊन जा की", आणि ओव्हरटाईमचं विचारलं की "बघू की रे, घरचाच हायस तू". कायद्यानं ओव्हरटाईम डबल आहे, मला सहा वर्षांत एकदाही डबल मिळाला नाही. चाकणला स्लिपवर डबल छापून यायचा, सुट्टी ॲपवर, कॅन्टीन चकाचक, बस दारात. पण बेंदराची (आमच्याकडचा बैलांचा सण) सुट्टी टाकली तर एचआरच्या मॅडमनी विचारलं बेंदूर म्हणजे काय, आणि मी तापानं फणफणलेलो तेव्हा रूमवर बघायला एक माणूस आला नाही.

माझं मत विचाराल तर पोरगं एकविशीत असेल, घरची जबाबदारी नसेल, तर दोन-तीन वर्षं चाकण करावं, काम शिकायला मिळतं. फक्त एक अट, नोकरीचं पत्र कंपनीच्या नावाचं पाहिजे. ठेकेदाराच्या नावाचं असेल तर गेटवर बोर्ड कितीबी मोठा असू दे, तू त्या कंपनीचा नव्हेस. बस तीच, कॅन्टीन तेच, पण कंपनीच्या पोरांचा पगार करार झाला की वाढतो आणि आपल्याला ब्रेक मिळतो, म्हणजे मधेच घरी बसवतात.

हे सांगितल्यावर भाच्यानं मोबाईलवर पत्र परत उघडलं. खाली शिक्का ठेकेदाराचाच निघाला. आता सोमवारी कुपवाडला जाऊन पहिल्या दिवसापासनं ईएसआय-पीएफ भरणार का ते विचारणार आहे, आणि हो, रविवारचं पण विचार म्हणून सांगितलंय.