सामुदायिक बागेतील मोफत ऋतू-उत्सव : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका सामुदायिक बागेत दर ऋतूला निसर्ग आणि पारंपरिक हस्तकलांचा एक दिवसाचा उत्सव भरतो. गेल्या ज्येष्ठाच्या अखेरीपासून यंदाच्या रंगपंचमीपर्यंत झालेल्या चारही उत्सवांना मी गेले. प्रवेश विनामूल्य आहे. नाव नोंदवावे लागते ते फक्त स्वतः हाताने काम करण्याच्या सत्रांसाठी. पहिल्या दिवशीच्या उत्साहात अभिप्राय लिहिण्यापेक्षा, तिथून घरी आणलेल्या वस्तू आणि शिकलेल्या गोष्टी किती टिकतात ते पाहूनच लिहावे, असे ठरवले होते.

पावसाळी उत्सव रानभाज्यांचा होता. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून आलेल्या महिलांनी टाकळा, कुर्डू, भारंगी आणि शेवळे मांडली होती. फलकावर नुसती नावे लिहून ठेवण्यापेक्षा प्रत्येक भाजी निवडून दाखवण्याची पद्धत मला फार पटली. शेवळाचे कोवळे कोंब सोलताना एका मावशींनी आतला पिवळा भाग नखाने काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "ताई, हा राहिला तर घसा खवखवतो, आणि चिंच विसरायची नाही." या खवखवीमागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे ठाऊक असूनही पूर्वी माझी भाजी दोनदा फसली होती. या वेळी ती जमली. बागेच्या कुंपणालगत आपोआप उगवलेला टाकळा मी तोवर तण समजत होते. श्रावणात त्याचीच कोवळी पाने दोनदा खुडून आणली.

त्याच दिवशी बांबूच्या कामट्यांची लहान टोपली विणली. ती मात्र टिकली नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिच्याखाली पिठासारखा भुगा सापडला. बांबूला भुंगेरा लागला होता. शिकवणाऱ्या दादांनी त्याची कल्पना आधीच दिली होती. वाढीच्या दिवसांत तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असते आणि किडीला तेच हवे असते. म्हणून टिकाऊ कामासाठी पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि पाण्यात भिजत घातलेला बांबू घेतात. सरावासाठी दिलेला बांबू ओला होता, त्यामुळे दोष शिकवणाऱ्यांचा नाही. आयोजकांनी मात्र ही गोष्ट सहभागींना लिहून द्यायला हवी होती, कारण बहुतेकांनी ती टोपली कांदे-बटाटे ठेवण्यासाठी म्हणून नेली.

चारांपैकी सर्वांत चांगला उत्सव दिवाळीआधीचा. नाशिकला तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, तरी कल्हई लावताना प्रत्यक्ष पाहिलेली तरुण मुले विरळाच. जमिनीतल्या लहानशा भट्टीवर माझे पितळी पातेले तापले, कारागिरांनी त्यात नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला आणि त्या क्षणी कथलाची कांडी तळाला टेकली. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे भांडे वाजवीपेक्षा जास्त तापू न देणे हेच खरे कसब. कापसाचा बोळा दोन-तीनदा फिरला आणि तळ आरशासारखा उजळला. नवसागर पृष्ठभागावरचा ऑक्साइड साफ करतो म्हणून कथील धातूला धरते, ही माहिती सांगितली जात असतानाच ध्वनिक्षेपकावर अल्पोपहाराची घोषणा सुरू झाली आणि अर्धे वाक्य त्यात बुडाले. शिवाय भट्टी मंडपाच्या कनातीला इतकी लागून होती की धूर बसलेल्यांच्या डोळ्यांत जात होता.

त्या पातेल्यात मी पाच महिने रोज आमटी आणि कढी केली, ती एकदाही कळकली नाही. आता तळाला मध्यभागी पिवळसर पितळ दिसू लागले आहे. दोष माझाच: तारेच्या घासणीने घासू नका, असे सांगितलेले असताना घाईत दोन-तीनदा घासले गेले.

हिवाळ्यातली पक्षी-फेरी साधारण होती. चाळीस माणसांच्या गलक्यात बुलबुल आणि शिंपी यांच्यापलीकडे काही दिसले नाही. ज्यांना खरोखर पक्षी पाहायचे आहेत त्यांनी निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जावे. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र आहे.

रंगपंचमीच्या आधी पळसाच्या फुलांचा रंग केला. आपल्याकडे रंग धुळवडीला नव्हे, पंचमीला. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले जुने हौद, उघडतात, त्यामुळे या सत्राला गर्दी होणारच होती. रात्रभर भिजवलेली फुले उकळून निघालेला केशरी रंग देखणा होता, पण गर्दीमुळे रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात भिजवण्याची पायरी वगळली गेली. माझा रुमाल तिसऱ्या धुण्यात फिकट पिवळा झाला. घरी उरलेल्या फुलांत तुरटी वापरून रंगवलेला दुसरा रुमाल अजून बराच बरा आहे, तरी तोही उन्हात वाळवू नये.

आता 'मोफत' या शब्दाविषयी. प्रवेश विनामूल्य असल्यामुळेच आमच्याकडे धुणी-भांड्याला येणाऱ्या ताई आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आल्या, हे मी पाहिले आहे आणि प्रवेशशुल्क लावू नये असेच माझे मत आहे. परंतु फुकट आत आलेली मंडळी टोपलीच्या किमतीत वीस रुपयांसाठी घासाघीस करतात, तेव्हा ऐकणाऱ्याला शरम वाटते. कारागिरांना दिवसाचे मानधन मिळते, असे त्यांच्याकडूनच कळले. तरी सत्रात वापरलेल्या साहित्याचे पैसे सहभागींकडून घ्यावेत आणि एका सत्रात पंधरापेक्षा जास्त माणसे बसवू नयेत, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. पुढच्या पावसाळी सत्रासाठी माझे नाव नोंदवले आहे, आणि पातेले दिवाळीआधी पुन्हा त्याच भट्टीवर जाईल.