ईआरपी घेताय? आमचे 15,72,350 रुपये कसे गेले ते आधी वाचा

ईआरपी म्हणजे हिशेब, स्टॉक, बिलं सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. आकडा मुद्दाम पूर्ण लिहिलाय. ज्यांनी हे पैसे घेतले ते आजही आमच्या भागात डेमो देत फिरतायत आणि आमचा विषय निघाला की "क्लायंटच्या लोकांनी डेटाच दिला नाही" असं सांगतायत. खोटं आहे ते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग घेतो, मशिनिंग करतो, पेंटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतो. उलाढाल पाच कोटींच्या वर, त्यामुळे 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. बिलावर सरकारी पोर्टलचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन, नसेल तर गाडी कस्टमरच्या गेटवरच उभी राहते. हिशेब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, जॉबवर्कची चलनं वहीत. बाहेर गेलेला माल वर्षाच्या आत परत आला की नाही, हे जॉबवर्कचा जीएसटी फॉर्म, आयटीसी-04, भरताना वह्या उपसून शोधायचं. ईआरपीची गरज खरी होती. कुणी गोड बोललं म्हणून आम्ही भुललो, असं झालेलं नाही.

कोटेशन असं होतं: "आमचं स्वतःचं प्रॉडक्ट", 25 युजरचं लायसन्स, प्रत्येकी 26,000, म्हणजे 6,50,000. इम्प्लिमेंटेशन 8,00,000. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 17,11,000. त्यातले 40 टक्के अ‍ॅडव्हान्स, 6,84,400. "इन्स्टॉलेशन" झाल्यावर 30 टक्के, 5,13,300. सर्व्हरचे वेगळे 1,18,000. आणि एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, आगाऊ, 2,56,650. सिस्टिममधून एकही बिल निघालेलं नसताना एएमसी! "इन्स्टॉलेशन" म्हणजे काय, हे करारात कुठेच नव्हतं. त्यांच्या माणसाने "मॉड्यूल डिलिव्हर्ड" असा छापील कागद अकाउंटच्या मुलाकडून सही करून घेतला आणि हप्ता पडला. पैशाचा हप्ता कधीही इन्स्टॉलेशनला बांधू नका. तुमच्या खऱ्या मालाचं खरं बिल, खऱ्या आयआरएनसह निघेल, तेव्हा द्या.

आता डेमोचं सांगतो. ते आठवलं की अजून डोकं फिरतं. स्क्रीनवर सगळं झकास चाललं होतं: डॅशबोर्ड, आलेख, रंगीत चौकोन. आमचे स्टोअरकीपर मागे बसले होते. ते म्हणाले, "मालक, आपण कास्टिंग किलोवर घेतो आणि देतो नगावर. आज सकाळचं चलन आहे माझ्याकडे. हे एवढं एक घालून दाखवा म्हणावं." एवढीच मागणी. डेमो देणारा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, डेमो सर्व्हरवर एंट्री लॉक असते. ते फेज टूमध्ये कॉन्फिगर होईल." आणि लगेच पुढची स्लाइड. तेव्हाच बैठक उठवायला हवी होती. किलोत आलं किती, नगात गेलं किती, रिजेक्शन किती, भंगार किती, यावरच तर आमचा धंदा चालतो. ते ज्याला दाखवता येत नाही त्याने आम्हाला दाखवलं तरी काय? पण बाजू पाहा. समोर चार कंपन्यांची शिफारसपत्रं ठेवलेली, आमचे सीए शेजारी बसलेले, आणि "फेज टू" हा शब्द या धंद्यात प्रत्येक जण वापरतो. एका चलनावरून कुणी उठून गेलं असतं का, सांगा. आता मात्र उठा. तुमचं स्वतःचं चलन तुमच्या डोळ्यांदेखत घालून घ्या. आणि शिफारसपत्रावरच्या कंपनीत जाऊन मालकाला भेटू नका, तिथल्या स्टोअरकीपरला भेटा.

पुढे सहा महिने "डेटा मायग्रेशन" चाललं. आलं काय, तर टॅलीचे लेजर. आयटम मास्टर अर्धवट, जॉबवर्कचं चलन नाहीच. शेवटी पुण्याहून भाचा आला. त्याने स्क्रीन उघडली आणि म्हणाला, "मामा, हे ईआरपीनेक्स्ट आहे. लोगो तेवढा बदललाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ईआरपीनेक्स्ट मुंबईतल्या फ्रापे कंपनीने बनवलंय. ते मुक्त परवान्यावर, जीपीएलवर आहे. वापरायला लायसन्स फी नाही, कुणीही उतरवून बसवू शकतो. सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्याचा यात काडीचा दोष नाही. बसवून देण्याचे, शिकवण्याचे पैसे घेणंही रास्त आहे. पण जे फुकट मिळतं त्याला "आमचं स्वतःचं प्रॉडक्ट" म्हणून 25 जणांच्या लायसन्सचे 6,50,000 लावणं ही सरळ लबाडी आहे.

जाब विचारल्यावर आमचा अ‍ॅडमिन लॉगिन बंद झाला. सर्व्हर त्यांच्या नावावर, डोमेन त्यांच्या नावावर, मार्चएंड तोंडावर. मेल आला: "डेटा हँडओव्हर चार्जेस 3,25,000." आम्ही दिले नाहीत. सरकारी पोर्टलवर हाताने बिलं काढली, टॅली पुन्हा उभी केली. सर्व्हर आणि डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर घ्या, स्वतःच्या कार्डावर.

आणि मग सरकारी दारं. पोलीस ठाण्यात अर्ज वरवर चाळला आणि ऐकवलं, "साहेब, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." खोटं प्रॉडक्ट दाखवून पैसे घेणं फसवणुकीत बसत नाही तर कशात बसतं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? सायबरवाल्यांनी विचारलं, "ओटीपी दिला होता का?" नव्हता. आरटीजीएस आम्हीच केलं होतं, म्हणून ती फसवणूकच नाही! ग्राहक आयोगाचा रस्ता वकिलांनीच बंद सांगितला, कारण 2019 च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक धरला जात नाही. लघुउद्योगांसाठी समाधान पोर्टल आहे म्हणावं, तर ते थकलेले पैसे मागणाऱ्या पुरवठादारासाठी. उलट या माणसांची लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असल्याने उरलेले 30 टक्के, 5,13,300, बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाने वसूल करू, अशी नोटीस त्यांनीच आम्हाला धाडली. व्यावसायिक न्यायालयात दावा लावायचा तर आधी मध्यस्थी. समोरचा आलाच नाही. तो न येण्याने त्याचं काही बिघडत नाही, आमचे मात्र महिने जातात. करारात अधिकारक्षेत्र पुण्याचं, म्हणजे प्रत्येक तारखेला कारखाना सोडून पळायचं. यांनी दुसऱ्या हप्त्याच्या आणि एएमसीच्या बिलावर आमच्याकडून 1,17,450 जीएसटी घेतला आणि रिटर्नच भरलं नाही. पुरवठादाराने भरलेली बिलं जिथे दिसतात त्या जीएसटीच्या 2बी तक्त्यात ते दिसत नाही, म्हणून भरलेल्या कराचं क्रेडिट नाही. जीएसटी कार्यालयात म्हणतात, "तुमच्या पुरवठादाराला विचारा." कर घेऊन बुडवणारा मोकळा, भरणाऱ्यालाच कागद आणायला सांगायचं. आम्ही कर वेळेवर भरतो, पीएफ भरतो, माणसं पोसतो. आमच्यावर अशी वेळ आली की आमच्यासाठी एकही टेबल नाही?

ठाण्यात नकार मिळाला तर गप्प बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना जातो, तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. आमचा अर्ज अधीक्षकांकडे गेलाय. सोबत मूळ कोटेशनची प्रत आहे, "स्वतःचं प्रॉडक्ट" हे शब्द त्यांच्याच लेटरहेडवर आहेत. तुमच्याकडेही असं कोटेशन पडलं असेल तर फाडू नका. हँडओव्हर चार्जेसचं कलम करारात असेल तर सही करू नका. सही झाली असेल तर आजच पूर्ण बॅकअप मागा, लेखी मागा, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय पुढचा रुपया सोडू नका.