जेजुरी गड: खंडोबाची तळी भरायला जाताय?
पहाटेच चढा, दगडी पायऱ्या उन्हात तापतात आणि सांडलेल्या भंडाऱ्यावर, म्हणजे हळदीच्या पुडीवर, पाय घसरतो. भंडारा घेताना चिमूटभर पाण्यात टाकून बघा. लगेच गडद पिवळा रंग सुटला तर भेसळ समजा, डोळे चुरचुरतात.

तळीला ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच जणांनी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तीनदा उचलायची. देवळासमोरच्या पितळी कासवापाशी मात्र गर्दीत ताम्हण कलंडतं, जरा बाजूला सरका. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. निवांत दर्शन हवं असेल तर तो दिवस टाळाच. देवाचं जुनं ठाणं कडेपठार, चढण जास्त, पण आम्हाला तेच आवडतं.