एमएसडब्ल्यूची वाट विचारायला गेले, त्याचा अनुभव

पदवी कॉमर्सची, सहा वर्षं हिशेबाची नोकरी आणि आता डोक्यात अमेरिकेतलं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. म्हणून एका प्रवेश-मार्गदर्शन सेवेचं तासाभराचं सत्र घेतलं. पहिली वीस मिनिटं नुसती कॉलेजांची क्रमवारी! ती मलाही शोधता आली असती.

शेवटी मीच विचारलं, फील्डवर्कचं, म्हणजे संस्थांत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाचं काय? तिथे मार्गदर्शक मॅडम खुलल्या. (स्वतः केसवर्क, म्हणजे एकेका माणसासोबत, कुटुंबासोबत काम केलेल्या, ते लगेच कळतं.) म्हणाल्या, विषयांची यादी नंतर बघ. आधी विचार, आठवड्याला किती दिवस फील्डवर, सुपरवायझर समाजकार्य शिकलेला आहे का, आणि तुझे रिपोर्ट वाचतं कोण. अमेरिकेत मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूला किमान 900 तास फील्डवर्क लागतं. पार्ट-टाइम घेतलं तरी ते बहुधा कामाच्या वेळेतच येतं, कारण संस्था नि शाळा संध्याकाळी बंद असतात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी झालेल्यांना तिथे साधारण वर्षभराचा छोटा मार्ग असतो, पण मी त्यात बसत नाही, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं.

लेखी सारांश मात्र तीनदा आठवण केल्यावर आला, त्यातही माझं नाव चुकलेलं. 5 पैकी 3, आणि तिन्ही मॅडमचे.