होमस्टेच्या वेबसाइटसाठी स्क्वूश: माझा अनुभव

हौसेने वेबसाइट बनवणाऱ्याने एकच साधन नीट शिकायचं म्हटलं, तर मी स्क्वूशचं नाव घेईन. ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, लॉगिन मागत नाही आणि फोटो हलका करून देतं. गूगलच्या क्रोम टीममधल्या मंडळींनी ते २०१८ साली आणलं. कोडही सगळ्यांसाठी खुला आहे.

मी दापोलीत हिशेब लिहिण्याचं काम करते आणि संध्याकाळी मुरूड, कर्दे, आंजर्ले भागातल्या होमस्टेवाल्यांना वेबसाइट बनवून देते. आमचा बराचसा पाहुणा पुण्याहून ताम्हिणी घाटातून येतो. घाटात रेंज धड नसते, आणि नेमका तिथेच त्याला रस्ता नाहीतर फोन नंबर हवा असतो. पाच-पाच एमबीचे फोटो चढवलेलं पान त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. म्हणून इथे रंग, फाँट, मेनू सगळं नंतर. आधी फोटोंचं वजन उतरवायचं.

कर्द्याच्या एका वहिनींच्या ओटीवरचा झोपाळा घ्या. मोबाइलवरचा फोटो ४००० पिक्सेल रुंद, साडेचार एमबीचा. स्क्वूशमध्ये टाकला, रीसाइझ चालू करून रुंदी १२०० केली, उजव्या बाजूला वेबपी (फोटोच्या फाइलचा हलका प्रकार) निवडलं, क्वालिटी ७५ ठेवली. खाली आकडा आला १७० केबी. फोटोच्या मधोमध एक उभी रेघ असते. ती सरकवली की एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला नवा दिसतो. वहिनींची अट एकच होती, "पितळी कड्या चमकायला हव्यात गं, दर आठवड्याला चिंच लावून घासते मी." रेघ त्या कड्यांवर नेऊन, झूम करून दाखवली. बराच वेळ निरखून त्या म्हणाल्या, "हा टाक."

प्रत्येक फोटोला ७५ चालेलच असं नाही. नारळी-पोफळीच्या बागेत पानापानाला इतका बारीक तपशील असतो की केबी सहजासहजी उतरत नाहीत. सूर्यास्ताची फाइल चटकन लहान होते, पण क्वालिटी फार खाली नेली की आकाशात पट्टे उमटतात. हे आकड्यावरून कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि ती रेघ त्यासाठी फार कामाची आहे. एव्हीआयएफ या दुसऱ्या प्रकारात फाइल बहुतेक वेळा आणखी लहान होते, पण तयार व्हायला वेळ लागतो आणि आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये ते २०२२ पासूनच चालतं. वेबपी तिथे २०२० पासून चालतं. जुना आयफोन वापरणारा पाहुणाही आपलाच, म्हणून मी वेबपीवर थांबते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते. फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. सगळं काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. त्यामुळे एकदा उघडून ठेवलं की नेट गेलं तरी चालतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेट जातंच. शिवाय मोबाइलने फोटोत नोंदवलेलं लोकेशन नव्या फाइलमध्ये उरत नाही. लोकांच्या घरातले फोटो हाताळताना एवढी काळजी घ्यायलाच हवी.

उणिवा दोन. एका वेळी एकच फोटो होतो. लग्नाच्या अल्बमसारखा ढीग असेल तर एका दमात सगळे फोटो बदलून देणारं इमेजमॅजिक शिकून घ्या. आणि आयफोन ज्या हेइक (HEIC) प्रकारात फोटो ठेवतो ते क्रोममध्ये उघडत नाहीत, ते आधी जेपेगमध्ये मागवून घ्यावे लागतात.

फोटो पानावर बसवल्यावर क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये वेग ३जीवर आणा आणि पान पुन्हा लोड करा. घाटातला पाहुणा काय सोसतो ते घरबसल्या कळतं. सध्या बरेच जण एआयकडून पूर्ण पान लिहून घेतात. मीही घेते, पण कोडमध्ये फोटोच्या टॅगला विड्थ आणि हाइट (रुंदी-उंची) आहे का आणि खालच्या फोटोंना लेझी लोडिंग, म्हणजे तिथवर पोचल्यावरच फोटो उतरवणं, लावलंय का, हे स्वतः तपासते. विड्थ-हाइट नसेल तर फोटो येताक्षणी मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

मराठी मजकुराला मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) नावाचा फाँट वापरते. त्याची सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, पण दोनच घ्या, पान हलकं राहतं. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) १.६ च्या आसपास ठेवली की वरच्या-खालच्या मात्रा मोकळ्या राहतात.

होस्टिंगसाठी, म्हणजे साइट नेटवर ठेवायला, गिटहब पेजेस ही सेवा सगळे सुचवतात. शिकायला उत्तम आहे, पण ऑनलाइन धंदा चालवण्यासाठी ते नाही, असं त्यांच्या अटींतच लिहिलंय. होमस्टेच्या साइट मी क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच दुसऱ्या सेवेवर ठेवते. चार खोल्या, जेवणाचे दर आणि नकाशा एवढ्यासाठी रिअॅक्टसारखं मोठ्या साइटचं जड साधन लागत नाही. साधं एचटीएमएल-सीएसएस पुरतं. बुकिंगचा फॉर्मही नको, व्हॉट्सअॅपची लिंक द्या. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि नंबर. अधिकचं चिन्ह घालायचं नाही, सुरुवातीचा शून्यही नाही.